अब्बांचा डेक

आमच्या घराच्या मागच्या दारी जो लाकडी ओटा आहे, त्याला गावात कुणी ओटा म्हणत नाही, डेक म्हणतात. ‘भाईजान डेकवर बसलेत’, ‘मासळी डेकवर ठेव’, ‘पोरगं डेकवरून पडलं’. हा शब्द अब्बांनी जहाजावरून आणला, आणि फळ्याही जहाजाच्याच. मुंबईत दारूखान्याला तोडलेल्या जहाजांचं सामान विकायला असतं. तिथून १९८६ साली त्यांनी सागवानी फळ्या घेतल्या, ट्रकात घालून गावी आणल्या आणि जांभ्याचे बुटके खांब उभारून त्यावर ठोकल्या. लांबी अठरा फूट, रुंदी बारा. समोर बाणकोटची खाडी. संध्याकाळी पलीकडच्या काठावर दिवे लागले की आपण चालत्या जहाजावर आहोत असं वाटतं, असं अब्बा म्हणत. आम्हांला तसं कधी वाटलं नाही, पण आम्ही मान डोलवायचो.

आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जहाजांवर गेली. कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी आगवाला. अब्बा भंडारी होते, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारे. मालवाहू जहाजांवर त्यांनी अर्धं जग पाहिलं. काही वर्षं मुंबई-जिद्दा हजच्या जहाजांवरही काढली. तो समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला तेव्हा ते घरी येऊन बसले होते आणि बातमी ऐकून दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. २०११ साली ते अल्लाहला प्यारे झाले. डेक राहिला.

या डेकवर बाहेरचं स्वयंपाकघर बांधायचं आम्ही ठरवलं, त्याची ही हकिगत. आम्ही म्हणजे आम्ही तिघं भाऊ. थोरला गावात, मधला कुवेतला, धाकटा कल्याणला. लेखात सगळीकडे ‘आम्ही’ येतं ते अंगात मोठेपणा आला म्हणून नव्हे. यात जे चुकलं ते तिघांचं मिळून चुकलं. कुणा एकाच्या नावावर टाकून बाकीच्या दोघांना मोकळं होता येत नाही.

सुरुवात एका व्हिडिओने झाली. आमच्या आजोबांचे एक भाऊ केपटाउनला गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली बरीच कोकणी मुसलमान माणसं तिकडे गेली, दुकानं काढली आणि तिथलीच झाली. त्या घरातला आमच्या वयाचा एक चुलतभाऊ अजून ईदला फोन करतो. २४ सप्टेंबर हा दक्षिण आफ्रिकेतला वारसा दिन. त्या दिवशी घराघरांतून उघड्यावर निखारे पेटवून मांस भाजतात. त्याला ते ‘ब्राय’ म्हणतात. २०२२ सालच्या त्या दिवशी भावाने आपल्या घरामागचा व्हिडिओ पाठवला. विटांचा नीटस ओटा, त्यात बसवलेली जाळी, बाजूला सिंक, वर छप्पर, आणि हातात चिमटा घेऊन उभा असलेला आमचा पोट सुटलेला भाऊ. बायका खुर्च्यांवर बसून हसत होत्या. या शेवटच्या गोष्टीकडे आमचं लक्ष गेलं नाही. ओट्याकडे गेलं.

मग दर शुक्रवारी, कुवेतवाल्याला सुट्टी असते म्हणून, फोनवर तिघांची बैठक सुरू झाली. माणसाला घर बांधण्यापेक्षा घराचे बेत करण्यात जास्त सुख असतं की काय कोण जाणे. आम्ही तीन महिने नुसते बेत केले.

आधी वाटलं होतं, डेकच्या फळ्यांवर ग्रॅनाइटचा ओटा ठेवला की झालं. गावातला एक शिकलेला मुलगा बांधकामाची कामं घेतो. तो येऊन फळ्यांखाली वाकून पाहून आला आणि म्हणाला, “चाचा, लाकडावर दगड, आणि दगडावर आग? हे कोणी सुचवलं?” जुनं सागवान वाळवीला दाद देत नाही, पण चिऱ्याच्या बांधकामाचं वजन ते खांब पेलणार नाहीत, आणि पडलेला निखारा फळीच्या फटीत गेला तर रात्री कुणाला कळणारही नाही. त्याने सुचवलं ते असं : एका कोपऱ्यातल्या फळ्या कापून काढा. तिथे जमिनीपासून जांभ्याचा स्वतंत्र चौथरा वर आणा. चौथरा आणि लाकूड यांच्यात चार बोटांची फट सोडा. आणि चुलीसमोर, माणूस उभा राहतो तिथे, दगडी लादीची पट्टी घाला. निखारा पडला तर दगडावर पडेल.

वरच्या फरशीवरून वाद झाला. थोरल्याला कडाप्पा हवा होता, स्वस्त पडतो म्हणून. पण कडाप्पा हा चुनखडीचा दगड. आमच्या घरात आमसुलाशिवाय आणि चिंचेशिवाय कालवण होत नाही. आंबट सांडलं की कडाप्पा खातं आणि पांढरे डाग पडतात. शेवटी ग्रॅनाइट ठरला. सिंकचा प्रश्न त्याहून अवघड. खाडीकाठी लोखंड तीन पावसाळे टिकत नाही हे आम्हांला ठाऊक होतं. स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या हवेत तांबूस ठिपके पडतात हे नव्हतं. दुकानात मिळतं ते बहुधा ३०४ नंबरचं असतं. खाऱ्या हवेला तोंड देणारं ३१६ नंबरचं वेगळं, त्यात मॉलिब्डेनम असतं, आणि ते महाग. कुवेतवाला समुद्रकाठच्या कारखान्यात काम करतो, म्हणून ही माहिती. तो ती सांगताना असा काही बोलत होता की जणू मॉलिब्डेनम त्यानेच शोधून काढलं.

गॅसची टाकी ओट्याखालच्या कपाटात ठेवायची ठरली. तिथेही त्या मुलाने अडवलं. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. तेव्हा कपाटाला भोकं हवीत ती खाली, जमिनीलगत. आम्ही नकाशात वर काढली होती, जाळी शोभून दिसते म्हणून.

आणि वारा. सकाळी आमच्याकडे मतलई वारा घरावरून खाडीकडे जातो. दुपारनंतर खारा वारा उलटा, खाडीवरून थेट मागच्या दारात. म्हणजे सकाळी पेटवलेल्या चुलीचा धूर पाण्यावर जाणार आणि दुपारी पेटवलेल्या चुलीचा धूर अम्मीच्या खोलीत. यावर आम्ही तोडगा काढला होता : चिमणी. नकाशात एक नळकांडं काढलं, छपराच्या वर तीन फूट नेलं आणि विषय संपवला.

जानेवारीत, २०२३ च्या, कुवेतवाला महिनाभराच्या रजेवर आला. तिघं गावात जमलो. नकाशा छापून आणला होता, रंगीत. डेकवर बसून अम्मीला दाखवला. भाबी, म्हणजे थोरल्याची बायको, चहा घेऊन आली आणि उभी राहिली. आम्ही ओटा दाखवला, सिंक दाखवलं, जाळी, चिमणी, दिवे. अम्मीने चष्मा लावून सगळं नीट पाहिलं. अम्मी आमच्याशी कोकणी बोलीत बोलते. वाचकांच्या सोयीसाठी इथे तिचं बोलणं मराठीत लिहितो आहोत. पण ते एक वाक्य जसंच्या तसं :

“तुमी मना परत बाहेर काढताव?”

आम्ही हसलो. ती हसली नाही. कागद घडी करून तिने भाबीच्या हातात दिला आणि आत गेली.

‘परत’ हा शब्द आम्हांला कळायला रात्र लागली.

आमच्या लहानपणी स्वयंपाकघर बाहेरच होतं. आज ज्याला मासिकांतून ओपन किचन म्हणतात, तसलं नव्हे. डेकच्या बाजूला चार बांबूंवर पत्रा टाकलेला, तीन दगडांची एक चूल आणि मातीची जोडचूल एक. घरात धूर नको, कौलं काळी पडतात, पुढच्या पडवीत पाहुणे बसतात, म्हणून रांधणं मागे. पावसाळ्यात खाडीवरून आडवा पाऊस यायचा तेव्हा अम्मी पत्र्याच्या एका बाजूला गोणपाट बांधायची. लाकडं ओली. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे, आणि आम्ही डेकवर बसून तांदळाची गरम भाकरी खायचो. भाकरी ताव्यावरून थेट ताटात. तिच्या चवीबद्दल आम्ही तिघांनी आजवर इतकं बोललो आहोत की तो विषय आम्हांला पाठ आहे. ती भाकरी थापणारीची पाठ आमच्याकडे होती. चेहरा आम्हांला फारसा आठवत नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं आहे.

ईदच्या आदल्या रात्री देगची चूल पेटायची. खाला, चाची, आपा सगळ्या मागे. पुढे पडवीत मर्दांची बैठक. दस्तरखान पुढे अंथरलं जायचं, ताटं मागून यायची. बायका कधी जेवल्या ते आम्ही पाहिलं नाही, कारण तोवर आम्ही झोपलेलो असायचो.

१९९६ साली गॅस आला. अब्बांनी घराच्या आत एक खोली काढून कट्टा बांधला, खिडकी ठेवली. गॅस आला त्या दिवशी अम्मीने शेजारपाजारच्या बायकांना बोलावून चहा केला होता. फक्त चहा, पण सहा वेळा. आम्हांला त्याची गंमत वाटली होती. तरीही पाणी तापवायला, भाकरीला, पाहुणे आले की मोठ्या हंड्याला, बाहेरची चूल चालूच राहिली. गॅसची टाकी पुरवून वापरायची असते ना.

२०१७ मध्ये अम्मीला रात्री झोपता येईना. छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “विडी-सिगारेट?” अम्मी अशी चिडली की उठून जायला निघाली. त्यांनी हात जोडले आणि दुसरा प्रश्न विचारला, “चूल?” ती बसली. “लग्न झालं तेव्हापासून.” डॉक्टर आमच्याकडे बघून म्हणाले, चुलीच्या धुराने श्वासनलिका कायमच्या आकसतात, सिगारेट ओढणाऱ्याला होतो तोच आजार चुलीपुढच्या बायकांना होतो. गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं. तेव्हापासून तिच्या उशाशी इन्हेलर आहे.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आमचा चुलीवरचा पत्रा उडाला तो पुन्हा दिसलाच नाही, आणि मागचा हापूस डेकच्या कोपऱ्यावर पडून चार फळ्या तुटल्या. कित्येक दिवस वीज नव्हती, रस्ते बंद, गॅसची गाडी येईना. भाबीने तीन दगड मांडून उघड्यावर रांधलं, पडलेल्या आंब्याच्याच लाकडावर. अम्मी तोंडाला पदर लावून खोलीत दार बंद करून बसायची. पुढे सगळं सुरळीत झालं तेव्हा तिने भाबीला सांगून ते तीन दगड खाडीत टाकायला लावले. हे आम्हांला भाबीने त्या रात्री सांगितलं. नकाशा तिच्याकडेच होता.

तिने तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने काहीतरी काढलं होतं. आम्ही पाहू लागलो तेव्हा लपवायला गेली. आम्ही म्हटलं, दाखव. एक नळ काढला होता, एक उतरता ओटा, आणि खाली नाली. “मासळी साफ करायला,” ती म्हणाली. “खवलं आतल्या सिंकमध्ये अडकतात. महिन्यातून दोनदा मी तारेने काढते. बाहेर हवं ते एवढंच. बाकी सगळं आत बरं आहे.”

तीन महिने, शुक्रवारमागून शुक्रवार, मॉलिब्डेनमपर्यंत पोचलो होतो आम्ही. खवल्यांपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मीसमोर नवा कागद घेऊन बसलो. फोनवर आपालाही घेतलं. ती महाडला असते, आणि तिलाही आधी कुणी विचारलं नव्हतं, हे तिने पहिल्या मिनिटात ऐकवलं. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुमचा बाप जहाजावर साठ-सत्तर माणसांचं रांधायचा. ऐकलंय मी, त्याच्या हातच्या दालगोश्तसाठी दुसऱ्या जहाजावरचे खलाशी यायचे. मी एकदाही खाल्लं नाही. घरात त्याने पातेल्याला हात लावला नाही. मी म्हटलं एकदा. म्हणाला, रजेवर आलोय.”

आम्हांला ही गोष्ट माहीत होती आणि नव्हती. अब्बा गॅलीचे किस्से रंगवून सांगत. गॅलीत दोन पावलांच्या पलीकडे काही ठेवायचं नाही. शेगडीला कठडा हवा, जहाज कललं तर हंडा घसरू नये. पाण्याची जागा आगीच्या डाव्या हाताला. एक भंडारी, चाळीस वर्षं. आणि चार पावलांवर त्याची बायको ओली लाकडं फुंकत होती.

“बांधा,” अम्मी म्हणाली. “पण पेटवणार तुम्ही, रांधणार तुम्ही, भांडी तुम्ही. आणि जो रांधेल त्याचं तोंड माणसांकडे पाहिजे. भिंतीकडे नको.”

नकाशा सगळा फिरला. ओटा भिंतीला टेकून होता तो सोडवून डेकच्या आतल्या बाजूला तोंड करून घेतला. त्यामुळे रांधणारा खाडीकडे पाठ करून, बसलेल्यांकडे बघत उभा राहतो. चौथरा अम्मीच्या खिडकीपासून हलवून वायव्येच्या नव्हे, आग्नेयेच्या कोपऱ्यात नेला, म्हणजे दुपारचा वारा धूर घरापासून दूर ओढतो. चिमणी रद्द झाली. धुराचा खरा उपाय केपटाउनवाल्या भावाने फोनवर सांगितला. म्हणाला, तुम्ही ज्वाळेवर रांधायचं म्हणता, ब्राय ज्वाळेवर होत नाही. आधी लाकूड बाजूला जाळून पूर्ण निखारे करायचे. धूर होतो तो त्या पाऊण तासात; मग निखारे फावड्याने जाळीखाली ओढायचे. तिकडे ‘रोइक्रान्स’ नावाचं बाभळीच्या जातीचं लाकूड त्यासाठी वापरतात. केपटाउनलाही उन्हाळ्यात आग्नेयेचा असा वारा सुटतो की जाळी कुठे ठेवायची हे आधी वाऱ्याला विचारावं लागतं. म्हणून आम्ही निखारे करण्याची जागा डेकपासून पंधरा पावलं दूर, विहिरीच्या खालच्या अंगाला केली. लाकूड वाळलेलंच, आणि काजूची टरफलं कधीही नाहीत. त्यांच्यातल्या तेलाचा धूर निरोग्यालाही खोकवतो.

मासळीचा ओटा सगळ्यात आधी बांधला. उतरता, ग्रॅनाइटचा, बाजूला उंच कड. ३१६ नंबरचं सिंक तिथेच बसवलं. नालीचं पाणी गाळून नारळांच्या आळ्यात जातं. शेगडीला थोरल्याने कठडा करून घेतला, गॅलीसारखा. घर काही कलत नाही, पण असू दे. अम्मीसाठी खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

काम २०२४ च्या फेब्रुवारीत पुरं झालं. ११ एप्रिलच्या ईदला आम्ही तिघांनी पहिल्यांदा रांधलं. निखारे करायला पाऊण तासाऐवजी दोन तास लागले. बांगडे बरे भाजले, कोंबडी हाडाशी कच्ची राहिली ती भाबीने मुकाट्याने आत गॅसवर नेऊन शिजवली. दालगोश्त करून पाहिला. अब्बांची कृती कुणाकडेच नव्हती, अंदाजाने केला. पुढच्या पडवीत त्या दिवशी कुणी बसलं नाही, पाहुणे सरळ मागे आले. त्यातल्या दोन वडीलधाऱ्यांनी आम्हांला पातेल्यापाशी पाहून नजर वळवली. अम्मीने ताट हातात घेतलं, एक घास खाल्ला. आम्ही तिघं बघत होतो. “मीठ कमी,” ती म्हणाली आणि सगळं ताट संपवलं. भांडी रात्री अकराला आटोपली. कुवेतवाल्याची कंबर धरली.

त्यानंतरचं खरं सांगायचं तर, मासळीचा नळ रोज वाहतो. जाळी फारशी पेटत नाही. कुवेतवाला वर्षातून एकदा येतो, कल्याणहून येणं सुट्टीवर अवलंबून, आणि थोरल्याची कंबरही आता कंबरच आहे. पाहुणे मात्र येतात, आणि डेकवरच्या जेवणाची तारीफ ऐकून येतात.

चौथऱ्याच्या बाजूला, चिऱ्यावर, अम्मी कोळशाने रेघा ओढते. आम्ही रांधलं तर उभी. आम्ही नसताना भाबीला रांधावं लागलं तर आडवी. कुणी तिला तसं करायला सांगितलं नाही आणि कुणी पुसतही नाही. २०२५ च्या ईदला गेलो तेव्हा मोजल्या. उभ्या सात होत्या. आडव्या चार.